सह्याद्रीची पाणसळ

पावसाळा ओसरल्यावर हवा धुऊन निघालेली असते, तेव्हा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासमोर किंवा माळशेज घाटातल्या एखाद्या वळणावर उभे राहावे. समोरच्या काळ्या भिंतीवर एकाखाली एक आखलेल्या आडव्या पट्ट्या स्पष्ट दिसतात. उभा कातळ, त्याखाली गवताळ उताराची अरुंद पायरी, पुन्हा कातळ, पुन्हा पायरी, अशी ही रचना दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर फिरवली तरी त्याच उंचीवर पुढे चालू राहते. या पट्ट्या म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाचे थर आहेत, आणि इतका काळ लोटूनही घाटमाथ्यावर त्यांचा कल एखाद्या अंशाच्या आतच राहिला आहे. मात्र घाट उतरून पनवेल आणि कल्याणच्या पट्ट्यात आलो की चित्र बदलते. तिथले थर पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे, झुकलेले आढळतात आणि मुंबईतल्या टेकड्यांत हा झुकाव बऱ्याच ठिकाणी १० ते १५ अंशांपर्यंत भरतो. खडक त्याच कुळातला असताना एका जागी तो आडवा राहिला आणि काही कोसांवर कलला, याचे कारण शोधायचे तर पृथ्वीचे कवच वाकते कसे, तुटते कसे आणि सरकते कसे हे समजून घ्यावे लागते. भूविज्ञानाच्या ज्या शाखेत हा अभ्यास होतो तिला संरचनात्मक भूविज्ञान म्हणतात.

या शाखेचा पाया एका साध्या निरीक्षणावर उभा आहे. मूळचा डॅनिश आणि पुढे इटलीतल्या तोस्काना प्रांतात राहून काम केलेला निकोलस स्टेनो याने १६६९ मध्ये असे मांडले की, पाण्यात साचणारा गाळ मुळात आडव्या थरांतच बसतो; तेव्हा एखादा थर तिरका किंवा उभा दिसला तर तो साचल्यानंतर त्याला कुणीतरी हलवले आहे असे समजावे. लाव्हाला हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तो उतारावरून वाहत जातो. पण दख्खनचा लाव्हा फार पातळ होता आणि अफाट क्षेत्रावर पसरला, त्यामुळे त्याचे मोठे थर व्यवहारात आडवेच धरता येतात. गवंडी भिंतीवर पाणसळ ठेवून तिचा कल पाहतो, तशी सह्याद्रीच्या थरांच्या रूपाने निसर्गाने आपल्यासाठी लावून ठेवलेली ही पाणसळ आहे. वेड्यावाकड्या, अनेकदा चुरगळलेल्या खडकांच्या प्रदेशात २ अंशांचा कल कुणाच्या लक्षातही येणार नाही. इथे तो उघड दिसतो, आणि महाराष्ट्राच्या भूरचनेची ही सोय मला फार मोलाची वाटते.

थराचा कल मोजताना भूवैज्ञानिक दोन गोष्टी टिपतो. कौलारू घराच्या छपराकडे पाहिले की त्या दोन्ही एकदम कळतात. पाख्यावर पडलेले पाणी ज्या दिशेने ओघळते ती थराची नती आणि तो उतार क्षितिजाशी जितक्या अंशांचा असेल तो नतीचा कोन. वरचे आढे ज्या दिशेला आडवे धावते तो नतिलंब. तो नतीशी नेहमी काटकोनात असतो. नकाशावर शेकडो ठिकाणचे असे दोन-दोन आकडे मांडले की जमिनीच्या वर न दिसणारा आकार हळूहळू उमटू लागतो. होकायंत्र आणि कोनमापक एवढ्याच साहित्यावर या शास्त्राचे बरेचसे काम आजही होते.

आता मूळ अडचणीकडे येऊ. खडक कठीण असतो हा आपला रोजचा अनुभव आहे. पाथरवटाने घण घातला तर दगड फुटतो, वाकत नाही. मग डोंगरात कापडाच्या घडीसारखे वळलेले थर दिसतात ते कसे? याचे उत्तर असे की, फुटणे आणि वाकणे हा दगडाचा कायमचा स्वभाव नसून तो ज्या परिस्थितीत असतो तिचा परिणाम आहे. शेंगदाण्याची चिक्की पोळपाटावर गरम असताना लाटता येते, वळवता येते. तीच निवाली की कडकन मोडते. पदार्थ तोच राहिला, उष्णता गेली आणि वागणूक बदलली. खडकाचेही काहीसे असेच होते. जमिनीखाली जाताना सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान वाढते आणि वरच्या खडकाच्या भारामुळे दर किलोमीटरला हवेच्या दाबाच्या अडीचशे पटींहून अधिक दाबाची भर पडते. चहूबाजूंनी असे आवळले गेले की भेग उघडायला जागा उरत नाही. तापमान ३०० अंशांच्या आसपास पोहोचले की ग्रॅनाइटसारख्या खडकातले क्वार्ट्‌झचे कण न फुटता आतल्या आत आकार बदलू लागतात. बऱ्याच खंडीय प्रदेशांत ही स्थिती १० ते १५ किलोमीटर खोलीवर येते. त्याच्या वरचे कवच प्रामुख्याने तुटून दाब सोसते आणि खालचे प्रामुख्याने मऊपणे प्रवाही होऊन. उथळ भूकंप बहुतेक वरच्या भागात होतात ते यामुळेच.

उष्णता आणि दाब यांच्या जोडीला तिसरी गोष्ट आहे ती वेळ. ती नीट पटायला अवघड जाते. थंड डांबराच्या गोळ्यावर हातोडा मारला तर त्याचे तुकडे उडतात, पण तोच गोळा महिनोन्‌महिने ठेवून दिला तर स्वतःच्या वजनाने पसरत जातो. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये एका काचेच्या नरसाळ्यात अशाच डांबरसदृश पदार्थाचा प्रयोग मांडला. १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड उघडल्यानंतर पहिले ९ थेंब पडायला ८० वर्षांहून अधिक काळ गेला. कवचातल्या हालचाली याहूनही कितीतरी संथ आहेत. पर्वत घडत असलेल्या पट्ट्यात किलोमीटरभर लांबीचा खडक एका मीटरने आखूड व्हायला साधारण ३ हजार वर्षे लागावीत, असा वेग नेहमीचा मानला जातो. इतक्या सावकाश दाबले आणि खडक पुरेसा तापलेला असला तर तो मोडण्याऐवजी वळतो. खडकात मुरलेले थोडेसे पाणीही या कामाला मदत करते, कारण त्यामुळे खनिजांच्या कणांतले बंध लवकर सुटतात.

खडकावरचा भार कोणत्या दिशेने येतो त्यावर पुढची रचना ठरते. दोन्हीकडून रेटले तर थर आखूड होतात, ताणले तर लांबतात, आणि कात्रीच्या दोन पात्यांसारखे एकमेकांसमोरून विरुद्ध दिशांना ढकलले तर बाजूला सरकतात. खोलवर, तापलेल्या खडकात रेटा बसला की वळ्या पडतात. वर फुगलेल्या वळीला अपनती आणि खाली दबलेल्या वळीला अभिनती असे आपल्या पाठ्यपुस्तकांतले शब्द आहेत. महाराष्ट्रात वळ्या पाहायच्या तर सह्याद्रीत शोधून उपयोग नाही. त्यासाठी विदर्भात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत जावे लागते. तिथल्या सौसर गटाच्या प्राचीन खडकांत संगमरवर, शिस्ट हा पापुद्र्यांचा खडक आणि मँगनीजचे थर एकत्र दुमडले गेले आहेत. मनसर आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींत काम करणाऱ्यांना ही भूमिती पुस्तकी वाटत नाही, कारण धातुकाचा थर वळीबरोबर खाली वळतो, पुन्हा वर येतो, कुठे जाड होतो तर कुठे पिळून बारीक होतो, आणि तो पुढे कुठे सापडेल हे वळीचा आकार ओळखल्याशिवाय सांगता येत नाही. हे खडक दुमडले गेले तेव्हा ते कित्येक किलोमीटर खोल होते. वरचा सगळा भार झिजून वाहून गेला म्हणून आज आपण त्यांच्यावर पाय ठेवू शकतो.

कवचाच्या वरच्या, थंड भागात मात्र भेगा पडतात. त्यांत एक फरक कटाक्षाने करावा लागतो. भेगेच्या दोन्ही बाजू जागच्या जागी असतील तर ती नुसती सांध आहे, आणि एक बाजू दुसरीच्या तुलनेत सरकली असेल तर तो प्रस्तरभंग. सांधी सगळ्याच पृथ्वीच्या अंतर्गत रेट्याने पडतात असेही नाही. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उंच, कोनेदार खांब लाव्हा निवून आकसताना पडलेल्या तड्यांनी घडले आहेत. तिथे कुणी बाहेरून दाबले नव्हते. दख्खनच्या कातळात विहिरीला पाणी लागते ते पुष्कळदा अशा सांधींतूनच, म्हणून विहीर खणणाऱ्याची नजर त्यांच्यावर खिळलेली असते. प्रस्तरभंगाची ओळख वेगळी आहे: दोन बाजू एकमेकींवर घासल्याने त्याचा पृष्ठभाग कित्येकदा आरशासारखा गुळगुळीत होतो आणि त्यावर समांतर रेघोट्या उमटतात. त्या रेघोट्यांवरून बोट फिरवले तर सरकण्याची दिशा प्रत्यक्ष हाताला कळते.

कोकणाची गोष्ट ताणाची आहे. लाव्हाचा उद्रेक झाला त्या काळाच्या आगेमागे भारताचा पश्चिम किनारा ओढला जात होता आणि थोड्याच काळाने, भूवैज्ञानिक हिशेबाने थोड्या, आज हिंदी महासागरात असलेल्या सेशेल्स बेटांचा भूखंड भारतापासून सुटून दूर गेला. ताणाची खूण डाइकांच्या रूपाने शिल्लक आहे. खालून आलेला लाव्हा उभ्या भेगेत घुसून तिथेच थिजला की खडकात भिंतीसारखा पट्टा तयार होतो. त्याला डाइक म्हणतात. भेग नेहमी जिथे दाब सर्वांत कमी त्या दिशेला उघडते, म्हणून डाइक ज्या दिशेला धावतो तिच्या काटकोनात त्या वेळचा ताण होता असे म्हणता येते. कोकणपट्टीतले पुष्कळसे डाइक उत्तर-दक्षिण आहेत, म्हणजे तिथे ओढ पूर्व-पश्चिम होती. धुळे आणि नंदुरबारच्या माळावर दुरून तटबंदीसारख्या दिसणाऱ्या डाइकांच्या लांब रांगा मात्र बहुतांशी पूर्व-पश्चिम आहेत, आणि त्या तापी-नर्मदेच्या पट्ट्यातल्या उत्तर-दक्षिण ताणाची साक्ष देतात. एखाद्या पट्ट्यातल्या सगळ्या डाइकांच्या जाडीची बेरीज केली तर तिथले कवच किमान किती रुंदावले याचा अंदाजही मिळतो.

याच ताणाच्या पट्ट्यात पनवेलचा बाक येतो. सुरुवातीला ज्या झुकलेल्या थरांचा उल्लेख केला, त्यांना भूवैज्ञानिक याच नावाने ओळखतात. पण इथे वाचकाने एक शंका जरूर घ्यावी. हा लाव्हा कधीच फार खोल गाडला गेला नव्हता, म्हणजे तो थंड आणि ठिसूळच होता. मग तो वाकला कसा? जवळ जाऊन पाहिले तर कळते की तो चिक्कीसारखा मऊपणे वळलेला नाही. असंख्य लहान प्रस्तरभंगांनी आणि सांधींनी त्याचे तुकडे झाले, प्रत्येक तुकडा थोडा थोडा कलला, आणि दुरून ते सगळे मिळून एक बाक दिसतो. फरसबंदीच्या खालची माती एका बाजूला खचली की फरशा अख्ख्याच राहतात, पण अंगण मात्र गोलाईने उतरते, तसेच हे झाले. हा बाक नेमका कोणत्या हालचालीने आला, खोलवरच्या एका मोठ्या वक्र प्रस्तरभंगावरून सरकताना थर मागे कलले की कवचाची कड समुद्राकडे दबत गेली, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. वज्रेश्वरी आणि गणेशपुरीपासून दक्षिणेला तुरळ आणि राजापूरच्या उन्हाळे या ठिकाणापर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटर लांब ओळीत जे गरम पाण्याचे झरे आहेत, तेही खोलवर जाऊन तापलेले पाणी अशा भेगांवाटे वर येण्याचेच फळ आहे.

शाळेत अनेकांनी असे वाचलेले असते की सह्याद्रीचा कडा म्हणजेच प्रस्तरभंग, त्याच रेषेवर पश्चिमेची जमीन खचली आणि कोकण तयार झाले. हे विधान आता सुधारून वाचायला हवे. खचलेल्या भागाचे मुख्य प्रस्तरभंग आणखी पश्चिमेला, किनाऱ्याजवळ आणि समुद्राखाली आहेत. आजचा कडा हा पावसाने आणि ओढ्यांनी कोरत कोरत पूर्वेकडे हटवलेला काठ आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. कोकणकड्याखालचे आणि वरचे थर जुळवून पाहिले तर कड्याच्या रेषेवर शेकडो मीटरची घसरण आढळत नाही. हा पुरावा मला निर्णायक वाटतो आणि तो पुन्हा त्या पाणसळीनेच दिला आहे. ताणाने खरोखर खाली घसरलेला प्रदेश पाहायचा तर वर्धा-प्राणहिता-गोदावरीचे खोरे पाहावे. चंद्रपूर परिसरातला गोंडवनी, म्हणजे लाव्हाच्या फार पूर्वीच्या गाळाच्या थरांतला, कोळसा टिकून राहिला त्यात या घसरणीचा मोठा वाटा आहे, कारण उंचावर राहिलेल्या भागातले असे थर झिजून नष्ट होण्याचा धोका अधिक असतो.

ताणाच्या खुणा जुन्या आहेत. आज मात्र भारतीय द्वीपकल्पात प्रामुख्याने रेटा आहे. भारतीय भूपट्ट, म्हणजे भारत ज्या प्रचंड खडकाळ तुकड्यावर वसला आहे तो, वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेकडे सरकतो, हिमालयापाशी अडतो, आणि त्या अडवणुकीचा दाब हजारो किलोमीटर मागे, पार दख्खनच्या पोटापर्यंत पोहोचतो. अमेरिकन भूवैज्ञानिक हॅरी फील्डिंग रीड यांनी १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचा अभ्यास करून १९१० मध्ये जे तत्त्व मांडले ते इथेही लागू पडते. प्रस्तरभंगाच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे एकमेकींना धरून असतात, रेटा मात्र थांबत नाही, त्यामुळे आजूबाजूचा खडक धनुष्याच्या कांबीसारखा ताणून वाकत राहतो. घर्षणाची मर्यादा संपली की पकड सुटते, खडक पुन्हा सरळ होतो आणि साठलेली ऊर्जा काही सेकंदांत लाटांच्या रूपाने बाहेर पडते. वाकण्याला शेकडो किंवा हजारो वर्षे लागतात आणि सुटण्याला काही सेकंद पुरतात.

किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, हेच घडले. भूकंपाची महत्ता, म्हणजे त्याच्या आकाराचे माप, ६.२ होती. त्या रात्री हजारो माणसे आपापल्या घराच्या दगडमातीखाली गेली आणि लातूर-उस्मानाबादच्या कित्येक गावांना नव्या जागी वसावे लागले. इथला प्रस्तरभंग साधारण वायव्य-आग्नेय दिशेचा आहे, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्या रेट्याला तो बराचसा आडवा पडतो. आडव्या पडलेल्या तिरक्या भेगेवर रेटा आला की एक बाजू दुसरीवर चढते, आणि तिथे नैर्ऋत्येकडची बाजू ईशान्येकडच्या बाजूवर चढली. किल्लारीजवळच्या शेतजमिनीत सुमारे किलोमीटरभर तुटक उंचवटे उमटले. भूकंपाचे केंद्र अगदी उथळ होते, म्हणून मध्यम महत्तेचा असूनही त्याने इतका विध्वंस केला.

कोयनेचा भूकंप त्याआधी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला होता. त्याची महत्ता ६.३ होती आणि त्यात पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. रेटा त्याच कुळातला, पण इथला प्रस्तरभंग जवळजवळ उत्तर-दक्षिण, किंचित ईशान्येकडे कललेला आहे. रेट्याशी लहान कोन करणाऱ्या उभ्या भेगेवर चढायला वाव नसतो, म्हणून दोन्ही बाजू एकमेकींसमोरून आडव्या सरकतात. कोयनेत पलीकडची बाजू डावीकडे सरकली. भेगेच्या कोणत्याही बाजूला उभे राहून पाहिले तरी समोरची बाजू डावीकडेच गेलेली दिसावी, असा हा प्रकार आहे. म्हणजे कोकणात आणि वर्ध्याच्या खोऱ्यात घसरणारे, किल्लारीला चढणारे आणि कोयनेला आडवे सरकणारे असे प्रस्तरभंगाचे तिन्ही मुख्य प्रकार या एकाच राज्यात भेटतात, जरी दगडी पठार म्हणून आपण ते निश्चल समजत आलो.

कोयनेत आणखी एक गोष्ट आहे. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे शिवाजीसागराचे पाणी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला साठू लागले आणि त्यानंतर त्या परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली, ती आजवर थांबलेली नाही. तेव्हापासून ५ किंवा त्याहून अधिक महत्तेचे वीसहून जास्त भूकंप तिथे नोंदले गेले आहेत. पाण्याच्या वजनाने जमीन फाटते असा समज यातून पसरला, परंतु कारण अधिक सूक्ष्म आहे. प्रस्तरभंगाच्या दोन बाजूंना धरून ठेवते ते घर्षण, आणि घर्षण टिकते ते त्या बाजू एकमेकींवर दाबल्या गेल्यामुळे. सांधींवाटे पाणी खोलवर झिरपले, किंवा वरच्या पाण्याचा दाब भेगांतल्या जुन्या पाण्यातून खाली पोहोचला, की तो दाब दोन्ही बाजूंना आतून किंचित दूर ढकलतो. पकड सैल होते. रेटा पाण्याने निर्माण केलेला नसतो, तो भूपट्टाच्या हालचालीने आधीच साठलेला असतो. पाणी फक्त तो सुटण्याची वेळ अलीकडे आणते. म्हणूनच देशातल्या असंख्य जलाशयांपैकी थोड्याच ठिकाणी असे भूकंप होतात: जिथे खालचा प्रस्तरभंग सुटण्याच्या बेतात आलेला असेल तिथे.

या दोन्ही भूकंपांची मुळे वरच्या काळ्या कातळात नाहीत. लाव्हाचे थर गोधडीसारखे वर पसरले आहेत आणि प्रस्तरभंग तिच्याखालच्या कितीतरी प्राचीन ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे उष्णता-दाबाने रूप बदललेल्या पट्टेदार, खडकांत आहेत. लाव्हा येण्याच्या फार पूर्वी पडलेल्या भेगा नव्या रेट्याखाली पुन्हा सरकू लागतात. किल्लारीला छिद्र पाडल्यावर ही गोधडी सुमारे ३३८ मीटर जाड निघाली. कोयना परिसरात रासाटीला ती ९३३ मीटरच्या आसपास भरली. गोठणे येथे २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोलीपर्यंत पूर्ण झालेल्या विवरात तिची जाडी सुमारे १,२४७ मीटर आढळली, आणि तिच्याखाली मधला कोणताही गाळाचा थर न लागता थेट प्राचीन ग्रॅनाइटी खडक लागला. भूकंप जिथे जन्माला येतात त्या खडकाला हात लावता यावा, त्याचे तापमान, त्याच्यावरचा रेटा आणि भेगांतल्या पाण्याचा दाब जागेवर मोजता यावा, यासाठी हे विवर खणले गेले आणि त्याच्या अभ्यासासाठी कराडला प्रयोगशाळा उभी आहे. पाणसळ जिथे पोहोचत नाही, थरांचा कल दिसत नाही आणि होकायंत्राचा उपयोग नाही, तिथे आता खडकात उतरवलेली उपकरणे ते काम करत आहेत.